बासष्ट शब्दांचा पत्ता

माझ्या मुलीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, व्याही अगदी वेळेवर आले. फक्त माझ्या घरी आले नाहीत.

दोष माझाच. मी मारेगावात मराठी शिकवतो. निबंधात चार शब्दांचं वाक्य दिसलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. लगेच समासात लिहितो, 'फुलवून लिहा!' माझी रेणू माझ्याच वर्गात होती. 'बाजार भरला. आम्ही भजी खाल्ली.' असलं लिहायची. तिला मी कधी पैकीच्या पैकी दिले नाहीत.

तर राजूरचे व्याही. मुलगी पाहण्याचा कार्यक्रम वणीला माझ्या बहिणीकडे झालेला, त्यामुळे आमचं घर त्यांनी पाहिलंच नव्हतं. "सर, पत्ता पाठवून द्या मोबाईलवर," ते म्हणाले.

"बाबा, लोकेशन टाका न," रेणू म्हणाली.

सोयऱ्यांना काय नुसतं टिंब पाठवायचं? अख्खी संध्याकाळ बसून (बायको तीनदा म्हणाली, "आटपा न आता!") मी एकच वाक्य रचलं. बासष्ट शब्दांचं! त्यात बसस्टँड होतं, पिठाची गिरणी होती, पूर्वी डेरेदार कडुनिंब होता (आता नाही) ती जागा होती, गावाच्या पाहुणचाराची थोरवी होती आणि अगदी शेवटी, धापा टाकत, दारातला मांडव होता.

साक्षगंधाच्या दिवशी अकरा वाजले, तरी व्याह्यांचा पत्ता नाही. मी फोन लावला.

"कुठं आहात?"

"पोचलो न सर! नाश्ता करून राह्यलो. पोहे तं एक नंबर!"

मी आमच्या पोह्यांकडे पाहिलं. झाकण जसंच्या तसं होतं.

"कोणाकडे पोचलात?"

"तुमच्याकडंच! तुमीच कुठं दिसून नाही राह्यले!"

झालं असं, की ते वाक्य पुरतं वाचायचा दम गाडीत कोणालाच नव्हता. शेवटचा मांडव तेवढा लक्षात ठेवून त्यांनी पहिला मांडव दिसला तिथे गाडी उभी केली. तिथे बारसं होतं! आता आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी, मग पोहे, मग चहा, आणि नावगाव त्यानंतर. कपबशी खाली ठेवायच्या आत 'तुम्ही कोण?' विचारणं म्हणजे तोंडावर दार लावणं. त्या बिचाऱ्यांना वाटलं, बाळाच्या वडिलांकडचे असतील. नवरदेवाच्या मांडीवर तर बाळसुद्धा देऊन ठेवलं होतं!

बायकोच्या डोळ्यांत पाणी. "एवढं चांगलं स्थळ! आता म्हणतीन, पोरीच्या बापाले सोताचं घर बी सांगता येत नाही. मोडते हे लग्न!"

मी फोनवर धीराने समजावू लागलो, "असं करा, ज्या दिशेने आपण आलात त्या दिशेकडे तोंड करून, उजव्या हाताला जी..."

"बाबा, द्या इकडं!" नवी साडी सावरत रेणूने फोन हिसकावला. "काका, गाडी मागं फिरवा. गिरणीपाशी डावीकडं वळा. निळं फाटक आमचं."

सात मिनिटांत गाडी दारात! मागोमाग बारशाचे यजमान, लाडवांचा डबा घेऊन. मी त्यांचे हातच धरले. परक्याच्या सोयऱ्यांना आपलं मानून ज्यांनी खाऊ घातलं, त्यांचे उपकार कसे फेडायचे? मला तर बोलताच येईना (बायकोच्या मते, तेही एक उपकारच).

व्याही मात्र खूश. "सर, चुकून आलेल्या माणसाची एवढी खातिर जिथं होते, तिथली पोरगी आमी सोडतो काय?"

मी रेणूकडे पाहिलं. माझ्या बासष्ट शब्दांनी मोडत आणलेलं लग्न पोरीने तीन वाक्यांत जागेवर आणलं होतं.

साक्षगंध झालं. आभार मानायला मी माईक घेतला, घसा खाकरला. बायकोने सदऱ्याची बाही ओढली.

"अहो, एकच शब्द!"

"धन्यवाद," मी म्हणालो.

मांडवभर टाळ्या! माझं वाक्य संपलं तेव्हा समोरचे सगळे जागे होते, असं माझ्या अख्ख्या नोकरीत पहिल्यांदाच घडलं.