चावी नसलेला प्रोसेसर

सलीमभाईंना मी मारलं नाही, असं सगळे म्हणतात. चौकशीच्या रिपोर्टमध्येही माझं नाव नाही.

आज दोन वर्षं झाली.

दोंडाईच्याजवळ आमचा सरकीच्या तेलाचा प्लांट. मी इन्स्ट्रुमेंटेशनला, सलीमभाई इलेक्ट्रिशियन. मी लागलो तेव्हा डिग्री माझ्याकडे होती आणि अक्कल त्यांच्याकडे.

प्लांटमध्ये दोन लाइन. प्रत्येक लाइनच्या मोटारी, व्हॉल्व्ह सगळं चालवणारा एकेक प्रोसेसर, आणि त्या जुन्या प्रोसेसरला छोटीशी चावी. ती फिरवून काढून घेतली की लाइन बंद. मग कुणाच्या बापाला ती चालू करता यायची नाही.

कन्व्हेअरमध्ये हात घालायचा असला की सलीमभाई चावी काढायचे, शर्टाच्या खिशात टाकायचे, वरून बटण लावायचे आणि खुशाल आत वाकायचे.

नियम वेगळा होता. मेन स्विच पाडून त्याला कुलूप लावायचं. कुलपं स्टोअरमध्ये पाकिटासकट पडून होती. चावी खिशात असताना कुलूप आणायला कोण जातो?
मीही कधी बोललो नाही.

मग एक नंबर लाइनचं अपग्रेड निघालं. नवा प्रोसेसर निवडायचं काम माझ्याकडे.

शेवटी दोन मॉडेल उरली. मी एक्सेलमध्ये तक्ता केला. मेमरी, स्पीड, सिग्नल किती घेतो, डिलिव्हरी कधी.
एकाला चावी होती, पण तो यायला चार महिने. दुसरा तीन आठवड्यांत मिळणार, शिवाय सप्लायरला पुण्यात बसून लॅपटॉपवरूनही चालवता येणार. त्याला चावी नव्हती. सरकीचा सीझन तोंडावर आला होता.

सलीमभाई केबिनमध्ये आले.
"साहेब, चाबीवालाच घ्या."
"अहो, आता पासवर्ड असतो."
"पासवर्ड खिशात ठेवता येतो का?"

मी हसलो. जेवताना सगळ्यांना सांगितलं, तेही हसले.
तक्त्यात चावीचा रकाना मी केलाच नाही.

बिनचावीचा प्रोसेसर बसला. मग एका दुपारी स्क्रू कन्व्हेअरमध्ये, म्हणजे सरकी पुढे ढकलणाऱ्या फिरत्या मळसूत्रात, सरकी अडकली. सलीमभाईंनी कंट्रोल रूममध्ये युवराजला फोन केला.
"बंद केलं का रे?"
"हा भाऊ, बठ्ठं बंद शे."

सगळं बंदच होतं. युवराज खोटं बोलला नाही.

पण त्याच वेळी पुण्यात सप्लायरचा इंजिनिअर आमच्या प्रोसेसरमध्ये नवा प्रोग्रॅम चढवत होता. तो बदल मीच मागितला होता, त्याच सकाळी मेल करून. प्लांटमध्ये सांगायचं राहून गेलं.
प्रोसेसर थांबला, परत चालू झाला. त्याच्याबरोबर स्क्रूही.

पुढचं लिहीत नाही. धुळ्याला नेईपर्यंत ते गेले होते.

रिपोर्टमध्ये आहे की नियम त्यांनीच मोडला. खरं आहे. इतकी वर्षं तो मोडताना आम्ही सगळे उभे राहून बघत होतो, ते रिपोर्टमध्ये नाही.

नंतर सगळ्यांना कुलपं वाटली. महिनाभर लावली. आता परत स्टोअरमध्ये.

त्यांच्या जागेवर त्यांचा भाऊ रफिक लागला. नसीमभाभींची, म्हणजे सलीमभाईंच्या बायकोची, एकच अट होती. रफिकला दोन नंबर लाइनवरच ठेवा, तिथला प्रोसेसर अजून जुना आहे.

या महिन्यात दोन नंबरचंही अपग्रेड निघालं.

या वेळी तक्त्यातली पहिलीच ओळ मी लिहिली: चावी हवी.
तक्ता वरून परत आला, ती ओळ खोडून. दोन्ही लाइनला एकच मॉडेल घ्या, म्हणजे स्पेअर एकच ठेवावा लागेल.
मी दोन मेल केले. एकदा भांडलो. मग परवा सही केली.
मी नाही केली तर दुसरा कुणी करेल, असं स्वतःला सांगतोय. नोकरी सोडायची हिंमत नाही, हे त्यातलं खरं.

आज सकाळी गेटवर रफिक भेटला.
"साहेब, नवीनला चाबी आहे ना? भाभी विचारत होती."
"बघतो," म्हणालो.
कुलूप लावत जा, एवढंही तोंडातून निघालं नाही.

सलीमभाई, प्लांटमध्ये लावलेल्या तुमच्या फोटोला हार घालायची माझी लायकी नाही. अल्लाह तुम्हाला जन्नत देवो.
रफिकला तुम्हीच सांभाळा. माझ्याच्यानं ते होणार नाही.