व्हिटस ‘आहे’ म्हणाला

आमच्या लेर्खेनबाख गावची लिफ्ट व्हिटस प्लांगरने एकतीस वर्षं चालवली. लिफ्ट म्हणजे एक मोटर, नऊ खांब आणि स्कीवाल्यांना टेकडीच्या माथ्यापर्यंत ओढत नेणारा दोर. एवढंच. खाली लाकडी खोपटात त्याची बायको क्रेसेन्स चहा आणि सूप विकायची. मी त्यांची शेजारीण. माझ्या माडीवरच्या दोन खोल्या हिवाळ्यात पाहुण्यांना द्यायचे.

आमच्याकडे येणारी माणसं ठरावीक असत. मोठ्या डोंगरांवरची गर्दी, रांगा, कर्णकर्कश संगीत ज्यांना नको, ती. त्यांत वेल्स नावाच्या शहरातल्या हेडविगताई पहिल्या. शाळेत शिकवायच्या. एकोणीस हिवाळे आल्या, आधी मुलांना घेऊन, मग नातवंडांना. येण्याआधी फोन करायच्या आणि एकच प्रश्न विचारायच्या, ‘‘व्हिटस, बर्फ आहे का?’’ तो जे सांगेल त्यावर त्यांचं ठरायचं. नसला तर तो सरळ ‘‘नाही’’ म्हणायचा.

त्या जानेवारीत फोन आला तेव्हा मी खोपटातच होते. खिडकीतून अख्खी टेकडी दिसत होती, पिवळ्या गवताची. आधीचे दोन हिवाळे लिफ्ट फिरलीच नव्हती. गावसभेने ठरवलं होतं, तिसराही कोरडा गेला तर काढून टाकायची.

ताईंचा आवाज मलाही ऐकू येत होता. ‘‘माझ्या मुलाने, गेर्नोटने, हिमनदीवरचं स्कीचं मोठं ठिकाण शोधून काढलंय. मी म्हटलं, व्हिटसला विचारल्याशिवाय नाही. तर सांग, आहे का?’’

व्हिटसने खिडकीकडे पाठ केली. ‘‘आहे,’’ तो म्हणाला. ‘‘पोरांपुरता आहे.’’

फोन ठेवल्यावर क्रेसेन्स त्याच्याकडे बघतच राहिली.

‘‘अहो, कुठे आहे? तुमच्या खिशात?’’

‘‘खिंडीत आहे. आणतो.’’

‘‘टेकडीभर बर्फ ट्रॅक्टरने आणणार? डोकं ठिकाणावर आहे ना?’’

‘‘टेकडीभर नको. एक पट्टा पुरे.’’

खिंडीत ऊन पोचत नाही, तिथे जुना बर्फ साचून राहतो. चार दिवस व्हिटस तो ट्रॉलीत भरून आणत होता. मीही फावडं घेऊन गेले. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, कंबर धरून उभा राहायचा आणि पुन्हा भरायला लागायचा. शुक्रवारी संध्याकाळी शंभरेक पावलांचा पांढरा पट्टा तयार झाला. व्हिटसने मोटर चालू केली. दोर कुरकुरत फिरला. तेव्हा तो हसला. त्या हिवाळ्यात मी त्याला तेवढंच हसताना पाहिलं.

शनिवारी सकाळी पाऊस आला. गाडी दुपारी पोचली, तोवर पट्ट्यावर जागोजाग माती वर आली होती.

गेर्नोट गाडीतून उतरला आणि आईकडे वळला. ‘‘आई, हीच का तुझी टेकडी? पाच तास गाडी चालवली मी!’’

‘‘थांब रे,’’ ताई म्हणाल्या.

सात वर्षांच्या नातीने स्की चढवले होते. व्हिटसने स्वतः तिचा हात दोराला लावून दिला. पट्ट्याच्या वरच्या टोकावरून ती घसरत आली, निम्म्यात स्की दगडाला घासले आणि ती तोंडावर पडली. लागलं फार नव्हतं, पण ओठातून रक्त आलं. क्रेसेन्स टॉवेल घेऊन धावली.

‘‘काका, फोनवर काय सांगितलंत तुम्ही?’’ गेर्नोट ओरडला. ‘‘बर्फ आहे म्हणालात ना? लाज नाही वाटत?’’

व्हिटस टोपी काढून, ती हातात धरून पावसात उभा होता.

ताईंनी नातीला गाडीत बसवलं, मग परत आल्या. मला वाटलं, समजूत घालतील.

‘‘गेली दोन वर्षं तू नाही म्हणालास,’’ त्या म्हणाल्या. ‘‘दोन्ही वर्षी आम्ही घरीच बसलो, दुसरीकडे गेलो नाही. का, माहीत आहे? पुढच्या वर्षी तू आहे म्हणालास की तो असणार, याची मला खात्री होती.’’

‘‘ताई, या वर्षी लिफ्ट फिरली नसती तर...’’

‘‘मग तसं सांगायचंस. मी पावसातसुद्धा आले असते, सूप प्यायला. आता तुला काय विचारू मी?’’

माझ्या खोल्यांत सामान चढलंच नाही. गाडी तशीच हिमनदीच्या रस्त्याला लागली.

लिफ्ट फिरल्याच्या हिशोबात गावसभेने तो शनिवार धरला नाही. मे महिन्यात खांब कापून नेले. व्हिटसने ताईंना दोन पत्रं लिहिली. दुसरं मीच टपालात टाकलं. उत्तर आलं नाही. क्रेसेन्सने खोपटाला कुलूप लावलं आणि ती बहिणीच्या बेकरीत कामाला लागली.

पुढच्या डिसेंबरात गुडघाभर बर्फ पडला. बारा वर्षांत तसा पडला नव्हता. तोवर व्हिटस पाहुण्यांची बस चालवू लागला होता, रेल्वे स्टेशनपासून मोठ्या डोंगरापर्यंत. ती आमच्या गावातून जाते, पण थांबत नाही.

एकदा मी त्याला विचारलं, ‘‘अरे, ताई कधी दिसल्या का बसमध्ये?’’

‘‘दिसल्या. गेल्या आठवड्यात.’’

‘‘मग? बोलल्या काही?’’

‘‘बस वेळेवर पोचेल ना, असं ड्रायव्हरला विचारलं त्यांनी,’’ तो म्हणाला. ‘‘मी सांगितलं, पोचेल. तर मागच्या सीटवरच्या बाईला जाऊन पुन्हा तेच विचारलं.’’