अकराशे बासष्ट बाइट जास्त

मागच्या ऑक्टोबरातला शुक्रवार, संध्याकाळचे सहा. आकडा ३३,४१८ बाइट. हजर तिघं: मी, म्हणजे गावच्या तलाव समितीचा सचिव, तिरोड्याला इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारी माझी बायको, आणि शेजारच्या वहिनी, ज्यांची बांधी, म्हणजे धानाचं खाचर, कालव्याच्या अगदी शेवटच्या टोकाला आहे.

तलावात गेटच्या वर तीस इंच पाणी उरलं होतं. पाणी घेणाऱ्या शेतकऱ्यांचे गट पाच, म्हणून प्रत्येकाला सहा इंच. आदल्या वर्षी मोजपट्टी नुसती डोळ्यांनी वाचली. वरच्यांनी जास्त घेतलं, वहिनींच्या गटाला एक इंच उरला आणि त्यांचं अर्धं धान पोचट निघालं. या वेळी बायकोने पाण्याची उंची मोजून सगळ्यांच्या मोबाइलवर संदेश पाठवणारं यंत्र बनवलं होतं. गेट सकाळी उघडायचं होतं.

पण प्रोग्राम चिपमध्ये मावेना. लिहिलेला कोड चिपसाठी तयार झाला की संगणक त्याचा आकार दाखवतो; तोच हा ३३,४१८. चिपमध्ये जागा ३२,२५६ बाइटची. मोठी चिप नागपूरहून यायला चार दिवस.

बायकोने तपासणीसाठी घातलेली वाक्यं काढली. ३१२ बाइट कमी झाले. पुरेसे नव्हते.

“आता तुमचे पॉइंट काढते,” ती म्हणाली. “या चिपला दशांशाचं गणित येत नाही. ते शिकवायचा सारा पसारा आत बसून राहिला आहे.”

उंची फुटांत आणि दोन दशांशांपर्यंत, हा हट्ट माझा होता. पाणीवाटपाच्या रजिस्टरचे रकाने तसेच आहेत.

“नाही,” मी म्हणालो. “दर पाळीला अर्धा इंच चुकला, तर चार पाळ्यांत शेवटच्याचे दोन इंच गेले.”

“शेवटची तं मीच ना, भाऊजी?” वहिनी म्हणाल्या. “मंग मले बोलू द्या. दरवेळी नव्यानं सहा कायले मोजता? पट्टीवर खुणा करा. चोवीस आले, दुसऱ्याची पाळी. अठरा आले, तिसऱ्याची. चुकलं तं त्या खुणेपुरतं चुकल.”

मी कागदावर मांडून पाहिलं. चूक साठत नव्हती. फार तर अर्धा इंच, तोही एकदाच.

“वीस वर्षं रजिस्टर लिहून राहिले,” बायको म्हणाली, “आन् हे वहिनीले सांगावं लागलं!”

तिने फूट काढले, दशांश काढले, पूर्ण इंच ठेवले. पुन्हा आकार आला: ३०,१४०. म्हणजे २,९६६ बाइट एकट्या माझ्या हट्टाचे होते. जागा २,११६ उरली. तारीखही छापता येईल का, असं मी विचारणार होतो, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, “आता त्यात काही भरू नका बाप्पा.”

पाळ्या नऊ दिवस चालल्या. सहाच्या खुणेचा संदेश आला, तेव्हा मी स्वतः पट्टी पाहून आलो. पाणी बरोबर खुणेवर होतं. शेवटची पाळी संपली त्या दिवशी रजिस्टरात ‘फूट’ खोडून ‘इंच’ लिहिलं आणि खाली नोंद केली: गट पाचवा, पाणी दिलं सहा इंच. त्यापुढे वहिनींची सही घेतली.