तिच्या नावावर लांडगा

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे शेळीचे खूर कापणं. तिनं शेळीची मान काखेत धरली, मी विळ्यानं खूर तासले. "हळू! तुमची नखं अशी कापू का?" म्हणाली. मी म्हणालो, "काप, तेवढाच तुझा हात लागंल." हसली. खुरांचे तुकडे झाडून तिनं उकिरड्यावर टाकले, पडवीत टेकली आणि तिथंच गेली.

आमचं गाव सिन्नरच्या पूर्वेला, माळावरचं. शाळा मी तिसरीपर्यंत शिकलो, पण सातबारा वाचता येतो. त्यात या माळाला 'पडीक' लिहिलंय. लिहिणाऱ्यानं एक दिवस माझ्याबरोबर चालावं. गवत हाय, ससे हायेत, घोरपडी हायेत, आणि ओढ्याच्या घळीत लांडग्याची जोडी हाय. पडीक म्हणे! निम्म्या माळावर आता पोल्ट्रीची शेडं आणि प्लॉटचे खुंट. मेलेल्या कोंबड्या उघड्यावर फेकायच्या, त्यांवर कुत्री माजवायची, आणि कुत्र्यांनी करडू फाडलं की नाव लांडग्याचं.

घरची सगळा जन्म त्या माळावर शेळ्या राखत होती. वर्षाकाठी एखादं करडू लांडगा न्यायचाच, खोटं कशाला बोलू? ती दगड मारायची, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची, आणि घरी येऊन मलाच सुनवायची, "त्यानं काय वाण्याच्या दुकानात जायचं का? त्यालाबी पोरं हायेत." यंदा थंडीत घळीत पिल्लं झाली, ती तिनंच पाहिली. तेव्हापासून शेळ्या लांबून वळसा घालून न्यायची.

आणि दहाव्याला काय झालं ते ऐका.

दहावा नाशिकला गंगेवर केला. पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्या माणसाची इच्छा राहिली, असं आमच्यात धरतात. मग एकेक जण हात जोडून वचन देतो. मुलगा म्हणाला, "आई, आबांना सांभाळीन." नाय. सून म्हणाली, "शेळ्या विकणार नाय." तरी नाय. मग माझा धाकटा भाऊ पुढं झाला. "वहिनी, तुमचा जीव शेळ्यांत अडकलाय. त्या लांडग्यांचा बंदोबस्त करतो. घळ बुजवतो."

आणि कावळा उतरला.

"बघा, हेच होतं मनात!" सगळे एकदम बोलले. बायांनी डोळ्याला पदर लावला.

मी ओरडलो, "अरे, गर्दी मागं सरली म्हणून उतरला तो! त्याला भूक लागली होती!"

भाऊ म्हणाला, "दादा, दुःखात तुला सुचंना झालंय."

मला सुचंना? बेचाळीस वर्षं जिच्यासंगं संसार केला त्या बाईच्या मनातलं नाशिकच्या कावळ्याला कळलं आणि मला नाय? जिवंत होती तेव्हा ग्रामसभेत तिला कुणी तोंड उघडू दिलं नाय. आता तोंड कायमचं मिटल्यावर तिच्या नावानं हुकूम निघायला लागले!

गावात आल्या आल्या भावानं दोन माणसं घेतली आणि बाभळीच्या काट्या घळीतल्या बिळात ठासल्या. "सकाळी धूर करू, म्हणजे मिटलं," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी घळीत उतरलो. काट्या एकेक ओढून काढल्या. हात फाटले. आत पिल्लं कुंईकुंई करत होती. समोरच्या टेकाडावर मादी उभी होती. तिला आत जाता यावं म्हणून मी बिळापासून लांब सरकलो आणि घळीत उतरायच्या वाटेवर आडवा बसलो.

भाऊ डिझेलचा डबा आणि चिंध्या घेऊन आला. "दादा, ऊठ. वहिनीला वचन दिलंय."

"वचन तू कावळ्याला दिलंस," मी म्हणालो. "त्याच्याकडं जा."

तो डबा खाली ठेवून उभा राहिला. मी उठलो नाय.