बायोसमधली राखाडी ओळ

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे असं विचारलं, तर मला आठवावं लागत नाही. माझ्या थोरल्या मामांचे. ते नवापूरला एका पोल्ट्रीवर सुपरवायझर होते. शिक्षण सातवीपर्यंत. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. लोणखेड्याच्या कॉलेजात मला त्यांनी नेऊन बसवलं, अर्जावर पालक म्हणून त्यांनीच सही केली, आणि मी बी.एस्सी. झालो त्या दिवशी पोल्ट्रीवरच्या माणसांना जिलेबी वाटली.

पदवीनंतर मी संगणकावर घरांची चित्रं करायला शिकलो. अजून न बांधलेलं घर बांधून झाल्यासारखं दाखवायचं, खिडकीतून ऊन आत येतंय, ओट्यावर फळं ठेवलीत, असं ते काम. मोबाइलवर बघून बघून शिकलो, पण त्याला दमदार संगणक लागतो. मामांच्या मालकांच्या सुरतच्या ऑफिसात तेव्हा जुने संगणक काढून नवे बसवत होते. मामांनी मालकांकडे शब्द टाकला आणि त्यातला एक मागून आणला. बसमधून, मांडीवर घेऊन, गोधडीत गुंडाळून.

दोन वर्षं मी अर्ज करत राहिलो. एका शुक्रवारी संध्याकाळी पुण्याच्या एका स्टुडिओची मेल आली. त्यांनी एका बंगल्याचा नकाशा पाठवला होता. त्याच्या आतून फिरून येणारी एक मिनिटाची चित्रफीत मंगळवारी दुपारी बारापर्यंत द्यायची. पसंत पडली तर नोकरी, तीही घरी बसून. आईने मेल आली एवढंच ऐकून देवापुढे साखर ठेवली.

रात्रीपर्यंत मी सगळी मांडणी केली आणि मग हिशेब केला. एका मिनिटाची चित्रफीत म्हणजे दीड हजार चित्रं. माझा संगणक एका चित्राला चार मिनिटं घेत होता. म्हणजे शंभर तास. मेल आली त्या घटकेपासून मंगळवार दुपारपर्यंत होते नव्वद, आणि त्यातले काही मांडणीतच गेले होते.

संगणकाचा प्रोसेसर ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने पळवता येतो, हे मी वाचलं होतं. त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. सगळ्या प्रोसेसरना ते जमत नाही, पण माझ्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी जे अक्षर होतं, ते असलं की जमतं. वेग बायोसमध्ये जाऊन वाढवायचा. संगणक सुरू होताना सर्वांत आधी जागा होणारा छोटा प्रोग्राम म्हणजे बायोस. शनिवारी सकाळी मी तो उघडला. वेगाची ओळ होती, आकडा होता, पण ती ओळ राखाडी रंगाची. बाणाचं बटण दाबलं की निवड वरच्या ओळीवरून थेट खालच्या ओळीवर जायची. मधली ओळ जणू तिथे नव्हतीच.

बाकीच्याही पुष्कळ ओळी राखाडी होत्या. त्या ऑफिसातल्या कोणीतरी बायोसला पासवर्ड घातला होता. मी मशीन उघडलं, पासवर्ड पुसला जावा म्हणून आतला रुपयाएवढा सेल काढला, अर्धा तास थांबून परत बसवला. पासवर्ड तसाच. दुपार गेली. या काळात चित्रं बनत नव्हती, हे मला कळत होतं. तरी वाटायचं, एकदा उघडलं की सगळं भरून निघेल.

रविवारी मामा आले. अंड्यांचा ट्रे आईकडे दिला आणि खाटेवर पसरलेले भाग बघून दारातच थांबले. घरात आम्ही अहिराणीच बोलतो.

“काय रे भाचा, मशिननं पोट फाडी टाकं का?”

“मझार कुलूप लागेल शे मामा.” आतल्या पासवर्डला मी कुलूप म्हणालो.

“कोन लाई गया? मी सुरतथून लई उनू तवय ते उघडं व्हतं ना!”

आई हसली. मीही हसलो. मग मी त्यांना सगळं समजावलं, शंभर तास, वेग, राखाडी ओळ. मामांनी नीट ऐकलं. त्यांना आपल्या कामातलं काहीतरी सापडल्यासारखं झालं.

“आमनी पोल्ट्रीमा बी आसंच शे. लाईट वाढाई की कोंबडी जास्त अंडा देस. पन एक दिनमा दोन देत नही, कितलाबी उजेड करा.” पुढे म्हणाले, “मंग त्या सायेबले फोन कर ना. सांग, एक दिन जास्ती लागी.”

“आसं मांगतस का, मामा?”

“मांगामा काय लाज? हाई मशीन बी मी मांगीसनच लई उनू.”

तेव्हा मी जे बोललो ते मी अहिराणीत बोललो नाही. शाळेत, ऑफिसात बोलतात त्या मराठीत बोललो. “मामा, तुम्हाला यातलं काही कळत नाही. मुदत मागितली की माणूस कामाचा नाही हे त्यांना पहिल्याच दिवशी कळतं.”

घरात माझ्याशी कोणी असं बोललं नव्हतं आणि मीही कोणाशी नाही. मामा माझ्याकडून आईकडे वळले. मग आईला म्हणाले, “चाल बहीन, चहा ठेव.” चहा पिऊन नवापूरच्या बसला गेले.

मला खरोखर तसंच वाटत होतं, हे सांगितलं पाहिजे. वर्गात आम्हाला सर जेवढं देतील तेवढं वेळेत करून दाखवायचं, एवढंच माहीत. ज्यांच्या घरात आधीपासून शिकलेली माणसं, ती पोरं सरांना उद्या देतो म्हणायची, आणि सर हो म्हणायचे. आपल्यालाही हो म्हणतील, असं माझ्या कधी मनातच आलं नाही.

संध्याकाळी आतल्या मुख्य पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवर, पासवर्ड पुसायची एक लहानशी पिन सापडली. ती सरकवली आणि मशीन सुरू केलं. पासवर्ड गेला होता. एकेक ओळ पांढरी झाली होती. तारीख, पंखा, सगळं बदलता येत होतं. मी बाण दाबत खाली आलो. वेगाची ओळ राखाडीच होती. बराच वेळ मी नुसता वर खाली जात राहिलो.

आता उरला होता एकच उपाय. इंटरनेटवर कोणा अनोळखी माणसाने त्याच मदरबोर्डचा बदललेला बायोस ठेवला होता. तो घातला की ओळ उघडते, असं खाली दोघांनी लिहिलं होतं. जुना बायोस पुसून नवा लिहिताना मशीन बंद पडलं तर ते पुन्हा सुरू होत नाही, हेही तिथेच लिहिलं होतं.

सोमवारी सकाळी साडेनऊला मी ते सुरू केलं. आमचं घर मळ्यात. लाइन शेतातल्या डीपीवरून, म्हणजे पंपांच्याच ट्रान्सफॉर्मरवरून. पंप चालवणारी थ्री फेज वीज एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री, आणि पाळी सोमवारी बदलते. लहानपणापासून मला ते पाठ. त्या सकाळी मला वारसुद्धा आठवला नाही. काम किती झालं ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी अर्ध्यावर आली होती. दिवा क्षणभर मिचकला आणि थ्री फेज आली. आजूबाजूच्या सगळ्या पंपांच्या स्टार्टरला ऑटो लावलेले, लाइट आली की पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून. त्यातले चार-पाच ऑटो कॉलेजात असताना मीच बसवून दिले होते. सगळे पंप एकदम सुरू झाले आणि व्होल्टेज खाली बसलं. पडद्यावर काळोख झाला.

मी बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळाच राहिला. पुन्हा दाबलं. दुपारपर्यंत किती वेळा दाबलं ते सांगता येणार नाही. बाहेर पाटात पाणी चाललं होतं.

मध्येच मामांचा फोन आला होता. आदल्या दिवसाचं काही काढलं नाही. एवढंच विचारलं, “मांगं का रे?” मी म्हणालो, मागितलं, मिळाला एक दिवस. फोनवरच त्यांनी शेजारच्या कोणाला तरी मोठ्याने सांगितलं, पोऱ्यानं काम व्हई गयं.

मंगळवारी बारा वाजून गेल्यावर मी स्टुडिओत फोन केला. पलीकडच्या बाई सभ्य होत्या. म्हणाल्या, “अहो, आधी कळवायचं ना. निम्म्या आकारात पाठवलं असतं तरी चाललं असतं. आम्हाला फक्त तुमचा हात बघायचा होता.” लांबी-रुंदी दोन्ही निम्मी केली की एका चित्राला चाराऐवजी एकच मिनिट लागलं असतं. शनिवारीच झालं असतं सगळं. मी अजून एक दिवस मागितला. आयुष्यात पहिल्यांदा मागितला. त्या म्हणाल्या, जागा भरली.

नंतर कळलं की त्या मदरबोर्डवर ती ओळ कशानेच उघडली नसती. प्रोसेसर मोकळा होता, पण ऑफिसच्या मशीनसाठी केलेल्या त्या बोर्डाला वेग वाढवायची सोयच नव्हती. ओळ नुसती छापलेली होती. ज्या दोघांनी उघडते म्हणून लिहिलं होतं, त्यांचा बोर्ड दुसरा असेल, किंवा ते खोटं बोलले असतील.

आठवडाभर मी मामांचा फोन उचलला नाही. मग पत्र लिहिलं आणि नवापूरहून आमच्याकडे शहाद्याला अंडी घेऊन येणाऱ्या टेम्पोवाल्याच्या हाती दिलं. मामांनी त्या पत्राचा विषय कधीच काढला नाही. तीनदा लिहून काढल्यामुळे मला ते अजून जवळजवळ तसंच आठवतं.

तीर्थरूप मामांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बोलायला जमत नाही म्हणून लिहितो. सोमवारी मी एक दिवस मिळाला असं तुम्हाला सांगितलं ते खोटं होतं. मी मागितलाच नव्हता. तुमचा फोन आला तेव्हा मशीन बंद पडून तास झाला होता. ते माझ्या हातून बंद पडलं. तुम्ही दिलेल्या मशीनमध्ये काही खोट नव्हती. पुण्याचं काम गेलं, त्यांनी दुसऱ्याला घेतलं.

रविवारी तुम्ही सांगितलंत तसा फोन केला असता तर काम झालं असतं. हे मला त्यांच्याच बाईंनी सांगितलं. तुम्हाला त्यातलं कळत होतं. मला कळत नव्हतं. मी ज्या भाषेत तुमच्याशी बोललो, ती तुम्हीच मला शिकायला पाठवलं म्हणून मला येते.

तुम्ही पोल्ट्रीवर आणि मालकांना सांगितलं असेल. त्यांना खरं सांगा, माझ्यासाठी सारवासारव करू नका. मालकांकडे माझ्यासाठी पुन्हा काही मागू नका. दुसरं मशीन आणलंत तर मी त्याला हात लावू शकेन असं आता वाटत नाही.

आईला अजून सांगितलेलं नाही. ती रोज विचारते, पुण्याहून काय आलं. हे पत्र टेम्पोत दिलं की घरी जाऊन सांगतो.

तुमचा भाचा