केटली आधी, मग बाळ

तिचं नाव मला माहीत नाही. ती मूळची कुठली, घरी कोण होतं, कुठल्या खोलीत राहायची, यातलं मी कधी काही विचारलं नाही. मला तसं विचारता येत नाही. तिच्या रिकाम्या केटलीचं वजन मात्र अजून पाठ आहे. ती गेल्याचं परवा कळलं. तिच्याबद्दल दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही, म्हणून जमेल तसं लिहितो.

मी भंगाराच्या दुकानात काट्यावर होतो. रद्दी, पत्रा, डबे, जे येईल ते लोखंडी फळीवर ठेवायचं आणि तबकडीवरचा काटा थांबला की आकडा ओरडून सांगायचा. मागच्या अंगाला एक तरुण बाई चिंध्या निवडायची. सुती एका ढिगात, बाकीच्या दुसऱ्या, बटणं कापून डब्यात. तिची वर्षाची मुलगी तिथेच पुठ्ठ्याच्या खोक्यात बसलेली असायची. बसलेली म्हणजे टेकवलेली. डोकं तेवढं मोठं, हातपाय काड्यांसारखे. फारशी रडायचीही नाही. आम्ही म्हणायचो, गुणी पोर आहे.

मी जिच्याबद्दल लिहितोय ती गल्लीतल्या सगळ्या दुकानांना चहा द्यायची. पायातली चप्पल तिला मोठी होती, त्यामुळे ती दिसायच्या आधी ऐकू यायची. सगळे तिला मावशी म्हणत. मला ती ‘काटेवाले’ म्हणायची. दर फेरीला ती खोक्यापाशी टेकायची, बशीत चहा ओतून फुंकायची आणि त्यात बिस्किट बुडवून पोरीला भरवायची. पोर मिटक्या मारायची.

“याचे पैसे कोण देणार?” मालक विचारायचा.

“तुमच्या चहात पाणी वाढवलंय, त्यातून निघतात.”

मालक हसायचा. चहा खरंच पातळ असायचा.

एकदा पोरीला ताप आला. आईला दवाखान्यात बोलायची भीती वाटायची, म्हणून मावशी बरोबर गेली. परत आल्यावर तिनेच सगळं दुकानात उभं राहून सांगितलं. लपवलं असतं तर कुणाला कळलंही नसतं.

“नर्सनं विचारलं, काय खाते? मी आपली तोऱ्यात सांगते, चहा-बिस्किट, दिवसभर, मी स्वतः भरवते. तर तिनं पोरीची मूठ धरून मला दाखवली. म्हणाली, पोट एवढंसं असतं, ते तुम्ही गोड पाण्यानं भरता, मग तिला भूक लागणार कधी? घ्या! मी शाबासकी घ्यायला गेले होते.”

“मावशी, तुम्ही प्रेमानं दिलंत,” पोरीची आई म्हणाली.

“प्रेमानं दिलं म्हणून अंगी लागतं होय?”

पोरीच्या आईवर रागावलेली मावशी मी पाहिली नाही. ती रागावली होती स्वतःवर. त्या आईला पुन्हा दिवस गेले होते, अंगावरचं दूध आटलं होतं, आणि आम्ही सगळे खोक्यातल्या पोरीला गुणी म्हणत होतो. पोरीच्या अंगात रडायचंही बळ नव्हतं, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मावशीच्या एका हातात केटली आणि दुसऱ्या हातात झाकणाचा छोटा डबा. डब्यात डाळ-तांदूळ मऊ शिजवून, घोटून, वर तेल सोडलेलं. “मावशी, जरा पातळ कर, गिळायला सोपं जाईल,” मालकाने सुचवलं. “पातळ तुमचा चहा. हे चमचा उभा राहील असंच राहणार.”

गल्लीत कुणी लेकरासाठी चहा मागितला तर ती द्यायची नाही. शेजारच्या शिंप्याने नातवासाठी पैसे पुढे केले, तर म्हणाली, “तुम्ही प्या हवा तेवढा. त्याला नाही. पैसे देऊनही नाही.” शिंपी दोन दिवस फुगून बसला होता.

नर्सने सांगितलं होतं, वजन बघत राहा. पण दवाखाना लांब, गेलं की आईचा अर्धा दिवस बुडणार. मावशी माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

“काटेवाले, पोर तोला.”

मी मालकाकडे पाहिलं. मालक रस्त्याकडे पाहू लागला. मी आवाज खाली आणून म्हटलं, “बाई, हा काटा जरा कमी दाखवतो.”

“ते अख्ख्या गल्लीला माहीत आहे. पण दर वेळी तेवढंच कमी दाखवतो ना?”

“हो.”

“मग झालं तर. मला पोर विकायची नाही. वाढते की नाही एवढंच बघायचंय.”

तरी तिचा काट्यावर पूर्ण भरवसा नव्हता. दर आठवड्याला आधी रिकामी केटली ठेवायची. काटा किलोच्या दोन रेघा अलीकडे थांबला की म्हणायची, “खोटं तेच आहे. आता पोर ठेवा.” केटली आधी, मग बाळ, असा आमचा नियमच झाला. पोर रेघेरेघेने वर सरकू लागली.

एका आठवड्यात मी आजारी पडलो. कामावर परतलो तो तोलायचा दिवस होता. केटलीत अजून चहा होता, म्हणून पोरीलाच आधी ठेवलं. काटा एकदम पुढे गेला, इतका पूर्वी कधी गेला नव्हता. आईने तोंडावर हात धरला. मालक ओरडला, “आज सगळ्यांना चहा, माझ्यातर्फे!” मावशीने चहा वाटला. केटली रिकामी झाली तशी सवयीने तिने ती फळीवर ठेवली.

केटलीचंही वजन वाढलं होतं.

“केटलीला दिवस गेले की काय!” मालक म्हणाला. आम्ही सगळे हसलो, मीसुद्धा. मावशी हसली नाही.

“काटा कुणी नीट केला?”

मालक मान खाजवत म्हणाला, “तपासणीवाले येऊन गेले परवा.”

तिने तबकडीवर बोटाने रेघा मोजल्या. केटली पोरीपेक्षा एक रेघ जास्त वाढली होती. “म्हणजे पोर वाढली नाही,” ती हळू म्हणाली. “उतरलीय.”

तेव्हा आई रडायला लागली. पोरीला चार दिवस पातळ होत होतं. शेजारणीने सांगितलं होतं, पोट रिकामं ठेव, आपोआप थांबेल. मावशी घाईत वाटी ठेवून पुढे जायची, आणि ती वाटी टाकवत नाही म्हणून आईच खायची.

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.”

“तू खाल्लंस ते बरंच केलंस, तुझ्याही पोटात एक आहे. पण टाकी खालून गळते म्हणून वरून भरायचं थांबवतात का गं? ऊठ.”

केटली माझ्या हातात देऊन ती दोघींना घेऊन दवाखान्यात गेली. त्या दिवशी गल्लीला चहा मिळाला नाही.

नंतर तिने वाटी नुसती ठेवून जाणं बंद केलं. दर फेरीला खोक्यापाशी बसायची. चिंध्यांचे हात साबणाने धुतल्याशिवाय आईला पोरीला हात लावू द्यायची नाही, आणि प्यायचं पाणी आपल्याच शेगडीवर उकळून आणायची. पुढच्या दुकानांना चहा गार मिळू लागला. लोक कुरकुरले की म्हणायची, “गार आहे म्हणून तोंड तरी भाजलं नाही ना?” तिची एक-दोन गिऱ्हाइकं तुटली. आईसाठीही ती एक वाटी आणू लागली. दुसरं बाळ झालं ते चांगलं भरलेलं झालं, आणि त्याला अंगावरचं दूध पुरलं.

मी फार काही केलं नाही. काटा बघून आकडा सांगितला, एवढंच.

पुढे नजर अधू झाली, रेघा दिसेनात, म्हणून मी काम सोडलं. शेवटच्या दिवशी मी जाणार हे तिला सांगायचं ठरवलं होतं, पण जमलं नाही. पोर आता आपली आपण फळीवर चढायची आणि मालकाने हाकललं तरी उतरायची नाही. मावशी केटली घेऊन आली.

“काटेवाले, किती भरली?”

“उड्या मारतेय. काटा थांबत नाही.”

“मग राहू द्या. चहा ओतू?”

“अर्धाच.”

“पैसे पुरे घेईन.”

“घ्या.”