क्लॅरीचा तरुणपणीचा फोटो

हॅलम बे या किनाऱ्यावरच्या गावात डेस प्रॅटली नगरपालिकेच्या रस्तेदुरुस्तीच्या टोळीचा मुकादम होता. वर्षातून एक दिवस मात्र तो कॅप्टन व्हायचा. सव्वीस जानेवारीला, इंग्रज त्या देशात वस्ती करायला उतरले त्या दिवशी, निळा कोट चढवून होडीतून उतरायचा, वाळूत झेंडा रोवायचा आणि ऑस्ट्रेलिया ‘सापडला’ म्हणून गाव टाळ्या वाजवायचं.

त्या नाटकात होडी बघून पळून जाणारे आदिवासीही लागत. १९८८ साली त्या उतरण्याला दोनशे वर्षं पुरी होणार म्हणून थाट मोठा होता. डेसनं आपल्याच टोळीतल्या क्लॅरी सिम्सला विचारलं. क्लॅरी तिथला मूळचा, त्याच किनाऱ्यावरच्या आदिवासींपैकी.

“आमच्या घरात त्या दिवशी सुतक असतं, डेस. मला नको त्यात ओढू.”

“अरे, पाच मिनिटांची गंमत! किती मनाला लावून घेशील?”

“एवढी गंमत वाटते तर तूच पळ की.”

टोळीतले फिदीफिदी हसले. डेसला ते झोंबलं. “पुढच्या महिन्यात टोळीत एक माणूस कमी करायचाय,” तो म्हणाला. “कोण, ते तुझं तू बघ.”

क्लॅरी आला. पळता पळता वाळूत आपटला. लोक खो खो हसले. त्या हशानं डेसला चेव आला आणि नाटकात नव्हतं ते त्यानं केलं: क्लॅरीच्या पाठीवर बूट ठेवून झेंडा उंच धरला. कुणीतरी फोटो काढला. हशा दुप्पट झाला. गर्दीच्या कडेला क्लॅरीची अकरा वर्षांची मुलगी मार्लीन उभी होती. ती एकटीच हसत नव्हती.

पुढे चौदा वर्षं क्लॅरी डेसच्या हाताखाली राबला, पण कामापलीकडे एक शब्द बोलला नाही. माणूसच घुमा, अशी डेस मनाची समजूत घालायचा. क्लॅरी वारला तेव्हा डेस अंत्यविधीला चर्चच्या फाटकापर्यंत गेला, गाडीतच बसून राहिला आणि तसाच परतला.

चौऱ्याहत्तराव्या वर्षी डेसच्या मनातून तो दिवस हटेना. नाटक कधीच बंद पडलं होतं. सव्वीस जानेवारीला सकाळी आता त्याच वाळूवर मार्लीन आणि तिची माणसं ओल्या पानांचा धूर करून आपल्या गेलेल्यांची नावं घेत. यंदा डेस तिथे मागे उभा राहिला. माणसं पांगल्यावर पुढे झाला.

“मी डेस प्रॅटली.”

“ओळखलं. बूट तुमचाच ना?”

घरून जुळवून आणलेली वाक्यं सोडून तो एवढंच म्हणाला, “क्लॅरीची माफी मागायची राहिली माझी.”

“चौदा वर्षं रोज सकाळी तुमच्यासमोर उभे होते की बाबा.” ती शांतपणे म्हणाली. “इथून हलकं होऊन जाता येईल असं वाटलं असेल, तर ते माझ्याच्यानं होणार नाही. एक काम मात्र करा. गावातल्या तुमच्या क्लबच्या भिंतीवर त्या दिवसाचा फोटो आहे, तो आणून द्या.”

“जाळायला?”

“जाळू कशाला? आमच्याकडे कुठला कॅमेरा? बाबांचा तरुणपणीचा तेवढा एकच फोटो आहे.”

 त्या फोटोखाली बसून डेसनं उभी हयात बिअर प्यायली होती आणि दर वेळी त्यात फक्त स्वतःलाच पाहिलं होतं.

दुपारी क्लबात सुट्टीची झुंबड होती. डेस खुर्चीवर चढून फोटो काढू लागला.

“काय रे, म्हातारपणी स्वतःवरच जीव जडला?” त्याचा जुना दोस्त गॉर्डी ओरडला.

“क्लॅरीच्या मुलीला देतोय.”

“झालं! यालाही त्या लोकांचा धूर लागला.”

डेस खुर्चीवरूनच म्हणाला, “नोकरीची धमकी देऊन आणला होता मी त्याला. हसलात तुम्ही सगळे, पण पाय माझा होता.”

कुणीतरी टीव्हीवरच्या क्रिकेटचा आवाज वाढवला.

मार्लीननं आपल्या घराच्या दारातच तो फोटो हातात घेतला. वाळूत पालथा पडलेला क्लॅरी मान उचलून सरळ कॅमेऱ्याकडे बघत होता. “किती बारीक होते बाबा,” ती पुटपुटली. मग म्हणाली, “तुम्हाला कापून टाकणार आहे मी यातून.”

“कापा.”

“बूट राहील पण. तो कापायचा तर बाबाही कापले जातील.”

 तिनं डेसला आत बोलावलं नाही.

क्लबात त्याच्या टेबलाशी आता कुणी बसत नाही. बाजारात समोर आली तर मार्लीन “बरं आहे ना?” एवढं विचारते. तो “हो” म्हणतो. ते खरं नसतं, आणि ते तिलाही ठाऊक असतं.